पेनसिल्व्हेनियात हरणाची पहिली शिकार: आधी परवाना, मग जागा, बंदूक सगळ्यात शेवटी

वाचकाचे पत्र: मी मूळचा कराडचा. गेली काही वर्षे पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. कार्यालयातील एका ज्येष्ठ अमेरिकन सहकाऱ्याने यंदा मला व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला नेण्याचे कबूल केले होते, पण त्यांच्या पाठीची शस्त्रक्रिया झाल्याने ते येऊ शकणार नाहीत. स्वतःची रायफल वापरायला देण्याची त्यांची तयारी आहे. माझ्या ओळखीत कोणाची खासगी जमीन नाही, त्यामुळे शिकारीला खुल्या असलेल्या सरकारी जमिनींवर, म्हणजे गेम लँड्सवर, एकट्यानेच जावे लागेल असे दिसते. मला हे कायद्याने करता येते का, जागा कशी निवडावी, आणि गोळी नीट लागली नाही तर काय करायचे, ही शेवटची भीती सर्वांत मोठी आहे. पत्नीला घरात हरणाचे मांस नको आहे आणि कराडला आईला कळल्यापासून तीही अस्वस्थ आहे. – एक वाचक, हॅरिसबर्ग परिसर

उत्तर:

तुमचे पत्र ऑगस्टमध्ये आले हे बरे झाले. पेनसिल्व्हेनियात रायफलचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे तुमच्या हाती तीन महिन्यांहून थोडा अधिक वेळ आहे. तो वेळ दुकानांतून हिंडण्यात न घालवता परवाना आणि जमीन यांवर घालवलात तर यंदाच जाणे शक्य आहे. बहुतेक नवशिके आधी बंदूक, मग कपडे, मग दुर्बीण आणि सरतेशेवटी हंगामाच्या आदल्या आठवड्यात जागा शोधतात. तुम्ही हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तुमच्या बाबतीत तर कायदाही तेच सांगतो.

सहकाऱ्याची रायफल आज, आत्ता, पाहण्यापुरतीसुद्धा हातात घेऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला तुमच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदत न संपलेला शिकार परवाना. बंदूक विकत घेतली काय, उसनी घेतली काय किंवा चांदमारीच्या मैदानावर तासाभरासाठी हाती धरली काय, कायद्याच्या दृष्टीने ते बाळगणेच ठरू शकते, आणि अशा माणसाच्या हाती बंदूक देणाराही अडचणीत येतो. म्हणून आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच बंदूक. परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेतलीत तर फॉर्म ४४७३ भरताना तुम्हाला व्हिसाची स्थिती सांगावी लागते आणि शिकार परवाना पुरावा म्हणून दाखवावा लागतो.

यात एक बारीक गोम आहे. पेनसिल्व्हेनियाचा शिकार परवाना १ जुलै ते ३० जून या वर्षासाठी असतो. डिसेंबरात शिकार करून बंदूक कपाटात ठेवलीत आणि पुढच्या जूनअखेर परवान्याचे नूतनीकरण विसरलात, तर ज्या अपवादाच्या आधाराने ती बंदूक तुमच्याकडे आहे तो अपवादच १ जुलैला उरत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी बंदूक विकत न घेता हंगामापुरती उसनी घ्यावी आणि हंगाम संपताच परत करावी, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पत्नी एच-४ व्हिसावर असेल आणि तिच्याकडे स्वतःचा शिकार परवाना नसेल, तर घरात बंदूक असेतोवर ती कुलपात आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, अशी व्यवस्था ठेवा. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. बंदुकीसंबंधीचा गुन्हा शाबित झाला तर त्याची किंमत दंडावर भागत नाही, देशातले वास्तव्यच धोक्यात येते.

ही सगळी कटकट नको असेल तर क्रॉसबोचा विचार जरूर करा. केंद्रीय बंदूक कायदा क्रॉसबोला लागू होत नाही. पेनसिल्व्हेनियात धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो चालतो, आणि हा हंगाम ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असल्याने गर्दीही कमी असते. मात्र नवशिक्याने तीस यार्डांपलीकडे बाण सोडू नये, आणि हरणाला तितके जवळ येऊ देणे हे वाटते त्याहून पुष्कळ अवघड आहे. शिकार परवाना यालाही लागतोच.

परवान्यासाठी हंटर-ट्रॅपर एज्युकेशन हा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागतो. तो ऑनलाइनही होतो, परंतु तुम्ही प्रत्यक्ष वर्गाला जावे असे मी आग्रहाने सांगेन. हे वर्ग घेणारे प्रशिक्षक बहुधा स्वयंसेवक असतात, वर्षानुवर्षे त्याच डोंगरांत फिरलेले असतात, आणि सहकाऱ्याची जागा भरून काढणारा माणूस तुम्हाला तिथेच भेटण्याचा संभव सर्वाधिक आहे. तुमची व्हिसाची स्थिती त्यांना सुरुवातीलाच सांगा, म्हणजे प्रात्यक्षिकात खरी बंदूक हाताळण्याचा प्रसंग आला तर अवघड होणार नाही. परवाना मिळताच मादीसाठीचा स्वतंत्र परवाना मिळतो का पाहा. तो विभागवार असतो, त्याची विक्री जूनअखेरीपासून सुरू होते आणि काही विभागांत तो लवकर संपतो. मूळ परवान्यावर शिंगे असलेला नर मारता येतो, पण प्रौढ शिकाऱ्यासाठी एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोके असणे बंधनकारक आहे, आणि राज्याच्या पश्चिमेकडील काही विभागांत ती मोजताना कपाळालगतचे टोक धरत नाहीत. पहाटेच्या अंधुक उजेडात, झुडपाआडून, धडधडत्या छातीने ती टोके मोजणे हे पहिल्याच वर्षी अंगावर घेण्यासारखे काम नाही. मादीचा परवाना खिशात असेल तर निम्मे ओझे उतरते.

बंदुकीबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर सल्ला देणारे तुम्हाला पैशाला पासरी भेटतील. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. सहकाऱ्याची रायफल बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीसाठी हाताने खटका ओढावा लागणारी) आणि .३०८ किंवा .२४३ काडतुसांची असेल तर ती पुरेशी आहे, आणि मॅग्नम काडतुसांच्या नादी लागू नका, कारण त्यांच्या धक्क्याने नवशिक्या घोडा दाबतानाच डोळे मिटतो. काही गेम लँड्सवर सार्वजनिक चांदमारीची मैदाने आहेत, तिथे शंभर यार्डांवर दुर्बिणीचा नेम जुळवून घ्या. मग बाकावरून उठा आणि जमिनीवर बसून, गुडघ्यावर कोपर टेकवून, नऊ इंची कागदी ताटलीवर नेम धरा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत बसतात ते तुमचे अंतर. ते साठ यार्ड निघाले तर साठ, आणि जंगलात ऐंशी यार्डांवरच्या हरणाला जाऊ द्यायचे. पेनसिल्व्हेनियाच्या रानात याहून लांबवर दिसतेही क्वचितच.

आता जागा. राज्याच्या गेम लँड्स पंधरा लाख एकरांहून अधिक आहेत, स्टेट फॉरेस्टची सुमारे बावीस लाख एकर जमीन त्याशिवाय आहे, आणि वायव्येला ॲलेगेनी नॅशनल फॉरेस्टची पाच लाखांवर एकर. एवढ्या आकड्यांनी माणूस हुरळतो आणि दर शनिवारी नव्या ठिकाणी जातो. तसे करू नका. घरापासून तासाभराच्या आत एक गेम लँड निवडा, तिच्या नकाशावर दोन-तीनशे एकरांचा एकच तुकडा ठरवा, आणि हंगामापर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा पायांखाली घाला. तुमच्या बाजूलाच डॉफिन आणि लेबनन काउंट्यांत पसरलेली गेम लँड क्रमांक २११ आहे, सुमारे चव्वेचाळीस हजार एकरांची. तिच्या स्टोनी व्हॅलीतून जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाट जाते. अशा सोप्या वाटेवर माणसांची वर्दळ असते, आणि वाट सोडून शेजारच्या उताराला चढणारे थोडे असतात. कोणतीही गेम लँड निवडलीत तरी हा हिशेब तोच राहतो, म्हणून पहिल्या फेरीत हरणांआधी माणसे कुठून येतात ते पाहा: गेट कुठे आहे, गाड्या किती उभ्या राहतात, मळलेली वाट कुठे संपते. मात्र माणसे टाळण्याच्या भरात दोन मैल आतही जाऊ नका. मोठी मादी आतडी काढल्यावरही चाळीस-पन्नास किलोंची भरते आणि ती तुम्हालाच ओढत आणायची आहे. गेटपासून अर्धा-पाऊण मैल, पण वाटेच्या वरच्या अंगाला चढ चढून, एवढे पहिल्या वर्षी पुरे.

नकाशावर दोन डोंगरसोंडांमधली खिंड, उतारावरची अरुंद सपाटी आणि दाट झुडूप जिथे मोकळ्या रानाला भिडते ती कड शोधा. हरणेही माणसांसारखीच सोपी चढण पसंत करतात. प्रत्यक्ष गेल्यावर ओकची झाडे पाहा. पानांच्या कडांचे खाचखळगे गोलसर असतील तर तो व्हाइट ओक, आणि त्यांना टोकदार काटेरी शेवट असेल तर तो रेड ओकच्या जातकुळीतला. व्हाइट ओकची फळे कमी तुरट असल्याने हरणे ती आधी फस्त करतात, म्हणून सप्टेंबरात ज्या झाडाखाली लेंड्या आणि ताजे ठसे दिसतील तिथे डिसेंबरात काहीच नसण्याची शक्यता आहे. रेड ओकची कडवट फळे थंडीपर्यंत पडून राहतात, आणि रायफलच्या हंगामात पानांचा थर जागोजाग उकरलेला दिसतो तो तिथे. तुम्हाला नोव्हेंबरअखेरचे रान वाचायचे आहे, सप्टेंबरचे नव्हे, हे या भटकंतीत सतत लक्षात ठेवा. नरांनी शिंगे घासून साल काढलेली झाडे आणि लोंबत्या फांदीखाली खुरांनी उकरलेली माती पाहून नवशिके हरखून जातात, परंतु तो माजाच्या काळाचा खेळ आहे. माज नोव्हेंबरच्या मध्याला ऐन भरात असतो, आणि रायफलचा हंगाम सुरू होईपर्यंत तो ओसरलेला असतो. त्या वेळी हरणाला दोनच गोष्टी हव्या असतात, खाणे आणि लपायला जागा. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत लपायची जागा म्हणजे माउंटन लॉरेलची सदाहरित, छातीएवढी उंच, वाकडीतिकडी झुडपे. रेड ओकचा उतार आणि लॉरेलची जाळी यांच्या मधला पट्टा सापडला की तुमची जागा सापडली असे समजा.

तिथे कुठे बसायचे ते वारा ठरवतो. तुमची चाहूल हरणाला नाकाने आधी लागते, डोळ्यांनी नंतर. टाल्कम पावडरची छोटी बाटली जवळ ठेवा आणि चिमूटभर उडवून पाहा. डोंगरात आणखी एक गोष्ट घडते: सकाळी ऊन तापू लागले की हवा उताराने वर चढते आणि संध्याकाळी गारवा पडला की खाली उतरते. त्यामुळे पहाटे खाली आणि सकाळनंतर हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसणे सोयीचे पडते. एकाच वाऱ्याला चालणारी एक जागा पुरत नाही. वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी दोन-तीन जागा हेरून ठेवा, कारण पहिल्या दिवशी तुमच्या जागेवर दुसराच कोणी आधी येऊन बसलेला असणे हे सार्वजनिक जमिनीवर नित्याचे आहे. त्याच्याशी वाद घालायचा नाही, टॉर्च खाली धरून मागे फिरायचे आणि दुसऱ्या जागी जायचे.

झाडावरचे मचाण पहिल्या वर्षी नकोच. हार्नेसशिवाय चढणारे पडतात, आणि पाठ अवघडल्यावर रात्री जंगलात एकट्याने काय करणार? खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ लावून जमिनीवर बसा. पाठीमागून येणाऱ्या गोळीपासूनही तो बुंधा आडोसा होतो. रायफलच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा अंगावर, चहूबाजूंनी दिसेल असा, असणे कायद्याने आवश्यक आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे कंजुषी करू नका, टोपी आणि पूर्ण जाकीट दोन्ही घाला. दुसरा शिकारी तुमच्याकडे येताना दिसला तर हात हलवू नका, शीळ घालू नका. जागच्या जागी राहून मोठ्याने, स्पष्ट आवाजात बोला. राहत्या इमारतीपासून दीडशे यार्डांच्या आत परवानगीशिवाय बंदुकीची शिकार चालत नाही, आणि गाडीत भरलेली बंदूक ठेवणे हा गुन्हा आहे. गेम लँडची हद्द झाडांवरच्या पांढऱ्या रंगाने आणि फलकांनी दाखवलेली असते, आणि खासगी मालक २०२० पासून झाडांवर जांभळे उभे पट्टे मारून प्रवेशबंदी जाहीर करू शकतात. जांभळा पट्टा दिसला की थांबायचे.

पहिल्या दिवशी उजाडण्यापूर्वी तासभर आधी जागेवर असा. चढताना जाकीट पाठपिशवीत ठेवा, नाहीतर घाम येतो आणि बसल्यावर तोच घाम हाडे गोठवतो. सुती कपडे घरीच राहू द्या. मग दुपारपर्यंत उठू नका, हा एकच नियम पाळलात तरी तुमची संधी दुप्पट झाली असे मी म्हणेन. दहा-अकराच्या सुमारास थंडीने कुडकुडलेले लोक गाडीकडे चालू लागतात, आणि त्यांच्या पावलांनी उठलेली हरणे दाट झुडपाकडे सरकतात. तुम्ही त्या झुडपाच्या कडेला बसलेले असता. शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत आहे, तरी शेवटच्या अर्ध्या तासात नवशिक्याने गोळी झाडू नये असे मला वाटते. कायदा परवानगी देतो, पण अंधारात रक्ताचा माग काढणे तुम्हाला अजून येत नाही. रविवारच्या शिकारीवरील जुनी बंदी उठवणारा कायदा २०२५ मध्ये झाला आहे. कोणते रविवार खुले आहेत ते त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्या.

तुमच्या सर्वांत मोठ्या भीतीविषयी आता. ती भीती असणे चांगले आहे, कारण जखमी जनावर सुटणे ही या छंदातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. ती पूर्ण टाळता येत नाही, पण पुष्कळ कमी करता येते, आणि ते काम गोळी झाडण्याआधी होते. हरीण तुमच्याकडे आडवे, पूर्ण कूस दाखवत उभे असेल किंवा किंचित पलीकडे वळलेले असेल तरच बंदूक उचला. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्या आणि छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर थांबा. तिथे दोन्ही फुप्फुसे आणि त्यांच्या तळाशी हृदय आहे. समोरून येणारे, पाठमोरे, धावणारे, डोके हलवत उभे असलेले, फांदीआडचे आणि डोंगराच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले हरीण तुमच्यासाठी नाही. माथ्यावरच्या हरणामागे गोळी अडवायला माती नसते, ती पलीकडच्या खोऱ्यात कोणाला लागेल सांगता येत नाही. ही यादी घरी बसून स्वतःच्या हाताने कागदावर लिहा आणि परवान्याच्या पाकिटात ठेवा. हरीण समोर आल्यावर मन वकिली करू लागते, त्या वेळी नियम ठरवायला बसू नये.

गोळी लागल्यावर हरीण जागीच कोसळते असे गृहीत धरू नका. फुप्फुसांत गोळी लागलेले हरीणसुद्धा बहुधा पन्नास-शंभर यार्ड धावते. लगेच दुसरी गोळी भरा, हरीण जिथे उभे होते तिथला एखादा खुणेचा बुंधा आणि ते शेवटचे जिथे दिसले ती जागा मनात पक्की करा, घड्याळ पाहा आणि अर्धा तास बसून राहा. हा अर्धा तास फार लांबतो, तरी बसा. लगेच पाठलाग केलात तर मरणाऱ्या हरणालाही पळण्याचे बळ येते. मग ते उभे होते तिथे जाऊन केस आणि रक्त पाहा. फेसाळ, गुलाबी-लाल रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच असेल. गडद तांबूस रक्त म्हणजे बहुधा यकृत, आणखी काही तास थांबायला हवे. हिरवट, दुर्गंधी असलेला द्रव किंवा चघळलेल्या पाल्याचे कण दिसले तर गोळी पोटात लागली आहे. अशा वेळी हळूच मागे फिरून आठ-दहा तास थांबणे हाच मार्ग आहे, कारण न उठवलेले हरीण पहिल्याच आडोशाला बसते आणि बहुधा तिथेच सापडते. माग काढताना रक्तावर पाय न देता बाजूने चाला आणि शेवटच्या थेंबापाशी नारिंगी फीत बांधत जा. माग हरवला तर आंधळेपणाने गोल गोल फिरू नका. पट्टा बांधलेले कुत्रे घेऊन जखमी हरणाचा माग काढणे पेनसिल्व्हेनियात कायदेशीर आहे, आणि असे काम हौसेने करणारे लोक आहेत. हंगामाआधीच आपल्या भागातल्या अशा एकाचा फोन नंबर वर्गातल्या प्रशिक्षकाकडून घेऊन ठेवा. हरीण खासगी जमिनीत गेले तर मालकाची परवानगी मागा, न मिळाल्यास गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, कळवा, कुंपण ओलांडू नका.

हरीण सापडल्यावर मागच्या बाजूने जा आणि लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करून पाहा. पापणी हलली नाही की मगच जवळ जा. बंदूक रिकामी करा. हरीण हलवण्यापूर्वी परवान्याबरोबर आलेला टॅग भरून कानाला बांधा, आणि दहा दिवसांच्या आत शिकारीची नोंद करा. नंतर आतडी काढायची. हे काम व्हिडिओत सोपे दिसते. प्रत्यक्षात वाफ येणारे पोट, गरम रक्त आणि गारठलेली बोटे असतात. लहान, तीन-चार इंची पात्याचा सुरा घ्या, मोठा नको. पोटाच्या कातडीखाली दोन बोटे घालून, धार वरच्या बाजूला ठेवून, बोटांमधून पाते सरकवत न्या, म्हणजे आतड्याला टोक लागत नाही. मूत्राशय फुटू देऊ नका. मांस बिघडते ते मुख्यतः उष्णतेने, म्हणून पोकळी उघडी ठेवून ते लवकरात लवकर चार अंश सेल्सियसच्या खाली न्यायचे. ओढण्यासाठी मुलांची प्लॅस्टिकची बर्फगाडी आणि दहा फूट दोर न्या. सहकाऱ्यांना वजन ओढता येणार नाही, पण गाडीशी थांबून फोनवर तुमच्याशी बोलत राहता येईल, आणि आत्ताच नकाशा घेऊन त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसलात तर त्यांनाही शिकार चुकल्याची हळहळ कमी वाटेल.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग राज्यात २०१२ पासून आढळतो. बाधित विभागांतून हरणाचे डोके आणि मणक्यासारखे धोक्याचे भाग बाहेर नेण्यास बंदी असते आणि तपासणीसाठी डोके जमा करण्याच्या पेट्या ठेवलेल्या असतात. तुमची जागा अशा विभागात येते का ते आधी पाहा. आजवर माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये राहू द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या भटकंतीनंतर अंगावर गोचीड तपासायला मात्र विसरू नका. लाइम रोगाच्या बाबतीत हे राज्य देशात आघाडीवर आहे.

एकट्याने जाण्याबद्दल माझे मत असे की पहिला दिवस एकट्याने घालवू नये. वर्गात भेटलेल्या कोणाबरोबर जा, हाकेच्या अंतरावर बसा. ते जमलेच नाही तर नकाशावर नेमकी जागा आणि परतण्याची वेळ पत्नीला लिहून द्या, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, कारण त्या खोऱ्यांत सिग्नल नसतो. स्टेट गेम वॉर्डनने थांबवले तर बंदुकीचे तोंड जमिनीकडे, बोट घोड्यापासून दूर, आणि परवान्याबरोबर आय-९४ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत खिशात असू द्या. वॉर्डनसाठी ही रोजची तपासणी आहे. तुमच्या रंगामुळे किंवा नावामुळे रानात कोणी डोळे वटारलेच, तर तिथे हिशेब चुकता करायला थांबू नका, दोघांच्याही हातात बंदुका असतात.

आईची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांना शिकार गुन्ह्याच्या बातमीतच भेटते. त्यांना हवे तर एवढे सांगा की पेनसिल्व्हेनियात एकेकाळी बेसुमार शिकारीने हरणे जवळपास नाहीशी झाली होती, १८९५ मध्ये गेम कमिशन स्थापन झाले, १९०६ मध्ये मिशिगनहून पन्नास हरणे विकत आणून सोडली गेली, आणि आज तिथे त्यांची संख्या इतकी आहे की अनेक ठिकाणी ओकची कोवळी रोपे ती वाढूच देत नाहीत. बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर १९३७च्या कायद्यानुसार वन्यजीवांच्या कामासाठीच राज्यांकडे जातो. हे ऐकून त्यांचे मन वळेलच असे नाही, आणि वळवण्याचा अट्टहासही करू नका. मारणे त्यांना पटत नसेल तर ते न पटण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

पत्नीचा प्रश्न त्याहून सोपा आहे, पण तो नोव्हेंबरात नव्हे, आत्ता सोडवा. स्वयंपाकघर दोघांचे आहे, त्यामुळे तिची हरकत असताना फ्रीझर हरणाने भरणे बरे नव्हे. जवळच्या प्रोसेसरकडे हरीण दिले तर कापून, बांधून मिळते, आणि घरात रक्त येत नाही. तेही तिला नको असेल तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट ही योजना १९९१ पासून शिकाऱ्यांनी दिलेले हरणाचे मांस गरजूंसाठीच्या अन्नपेढ्यांपर्यंत पोचवते. त्यात सहभागी असलेला प्रोसेसर कोणता ते आधी शोधून ठेवा. थोडे स्वतःसाठी ठेवायचे ठरलेच तर चरबी आणि मांसावरची पांढरी चिवट पापुद्र्यासारखी कातडी पूर्ण काढून टाका, कारण खरा उग्र वास त्यांचाच असतो. मागच्या पायाचे मांस मटणासारखे तासभर रटरटवू नका, त्यात चरबी नसल्याने ते कोरडे पडते. नडगीचे तुकडे मात्र मंद आचेवर तीन-चार तास शिजवले तर कराडकडच्या तांबड्या रश्श्याला ते चांगले लागतात. हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचे सप्टेंबरचे वर्ग लवकर भरतात, तेव्हा नाव याच आठवड्यात नोंदवा.